विश्लेषण : यंत्र बदलले तरी आज्ञावली तीच! ‘सी’चे जनक डेनिस रिची यांनी नेमके काय साधले?

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अनेक वर्षे ‘टर्बो सी’वर ‘सी’ भाषा शिकवली गेली. तेथे बिनबोभाट चालणारी आज्ञावली विद्यार्थ्याने घरच्या लिनक्सवर नेली की पहिल्या ओळींतच अडते. ‘कॉनियो’ नावाची हेडर फाइल सापडत नाही, पडदा पुसण्याची आज्ञा ओळखली जात नाही आणि दोन बाइटचा पूर्णांक चार बाइटचा झालेला असतो. भाषा तीच, मग फरक कुठून आला? याचे उत्तर कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या जुळणीत आहे. आज्ञावलीचा कोणता भाग यंत्रावर अवलंबून असावा आणि कोणता नसावा, ही सीमारेषा ज्यांच्या कामातून जगाला मिळाली त्या डेनिस रिची यांच्या आयुष्याकडे पाहिले, तर ही जुळणी मुळात का लागते हेही समजते.

कंपायलर ‘कॉन्फिगर’ करणे म्हणजे काय?

माणसाला वाचता येईल अशा भाषेतील आज्ञावली प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये उतरवण्याचे काम कंपायलर करतो. पण त्यासाठी त्याला बऱ्याच गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतात. प्रोसेसर कोणता आहे, त्याचा पूर्णांक किती बिटांचा, मोठ्या संख्येतील बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे, हे त्याला माहीत हवे. हेडर फाइली कोणत्या डिरेक्टरीत आहेत, तयार लायब्ररी कुठे आहे, ‘मेन’ हा भाग सुरू होण्याआधी चालणारा प्रारंभीचा छोटा तुकडा कोणता जोडायचा, हेही सांगावे लागते. शेवटी तयार होणारी फाइल कोणत्या साच्यात लिहायची, तेही ठरलेले असावे लागते. लिनक्स आणि फ्रीबीएसडी ‘ईएलएफ’ हा साचा वापरतात, तर मॅकओएस ‘माक-ओ’.

त्यामुळे प्रोसेसर एकच असला तरी लिनक्ससाठी तयार केलेली फाइल फ्रीबीएसडीवर आपोआप चालत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमकडे काम मागण्याचे क्रमांक वेगळे असतात, लायब्ररी जोडून देणारी आज्ञावली वेगळ्या ठिकाणी असते. एवढे सारे सांगण्यासाठी ‘जीसीसी’सारखा कंपायलर बांधताना त्याला तीन भागांचे नाव दिले जाते. पहिला भाग प्रोसेसर, दुसरा उत्पादक, तिसरा ऑपरेटिंग सिस्टीम. या तीन शब्दांवरून उरलेल्या शेकडो बाबी ठरतात. भाषा मात्र बदलत नाही. भाषा एका बाजूला आणि यंत्राचा तपशील दुसऱ्या बाजूला, ही विभागणी आज गृहीत धरली जाते. १९७० साली ती गृहीत नव्हती. त्या काळात ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा एका विशिष्ट यंत्रासाठी, त्याच यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिली जाई आणि यंत्र निकालात निघाले की तीही निकालात निघे.

डेनिस रिची कोण होते?

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल लॅब्ज या दूरध्वनी कंपनीच्या संशोधन संस्थेत होते आणि दूरध्वनी केंद्रांतील स्विचिंग परिपथांच्या रचनेवरील एका मान्यताप्राप्त ग्रंथाचे सहलेखक होते. डेनिस लहान असतानाच कुटुंब न्यू जर्सीतील समिट या गावी आले. तेथील शाळेतून ते हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि १९६३ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पुढे उपयोजित गणितात संशोधन सुरू केले.

त्यांच्या प्रबंधाचा विषय आज्ञावलीची रचना आणि गणनेची जटिलता यांच्यातील संबंध हा होता. १९६८ मध्ये प्रबंध लिहून झाला, परंतु त्याची बांधीव प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा झाली नाही, म्हणून डॉक्टरेट त्यांच्या नावावर कधीच लागली नाही. हा प्रबंध जवळपास अर्धशतक दुर्मीळच राहिला. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने तो सर्वांसाठी खुला केला. पदवी नसल्याने त्यांचे काही अडले नाही. १९६७ मध्येच ते वडिलांच्या संस्थेत, बेल लॅब्जच्या मरे हिल येथील संगणक संशोधन विभागात रुजू झाले होते.

‘मल्टिक्स’च्या माघारीतून ‘युनिक्स’ कशी आली?

रिची रुजू झाले तेव्हा बेल लॅब्ज, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून ‘मल्टिक्स’ ही महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टीम घडवत होते. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, हा तिचा उद्देश. काम लांबत गेले, खर्च वाढला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. विद्यार्थिदशेतच मल्टिक्सशी संबंध आलेल्या रिची यांच्यासाठी आणि त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांच्यासाठी ही केवळ प्रकल्प बंद पडण्याची गोष्ट नव्हती. एकमेकांच्या सोबतीने, पडद्यासमोर बसून काम करण्याची सवय लागलेल्या गटाचे ते साधनच गेले.

थॉम्पसन यांनी विभागात पडून असलेला पीडीपी-७ हा छोटा संगणक हाताशी धरला. १९६९ च्या उन्हाळ्यात त्यांनी त्यावर साधीसुधी ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. ब्रायन कर्निगन यांनी मल्टिक्सच्या नावावर कोटी करून तिला सुचवलेले नाव पुढे ‘युनिक्स’ असे रूढ झाले. रिची सुरुवातीपासून या कामात थॉम्पसन यांचे जोडीदार होते. ही पहिली युनिक्स सर्वस्वी असेंब्ली भाषेत होती.

पीडीपी-७ ची स्मृती अवघी आठ हजार शब्दांची, प्रत्येक शब्द १८ बिटांचा. नवे यंत्र हवे होते, पण मल्टिक्सने हात पोळलेल्या व्यवस्थापनाला ऑपरेटिंग सिस्टीमसाठी पैसे द्यायचे नव्हते. अखेर पेटंट विभागाला अर्ज टंकलिखित करण्यासाठी मजकूर-संपादनाची सोय करून देऊ, असे सांगून १९७० मध्ये पीडीपी-११ हा संगणक मिळवण्यात आला. त्याची स्मृती २४ हजार बाइटांची होती. हे यंत्र आले नसते तर ‘सी’ची गरजही कदाचित पडली नसती.

‘बी’ असताना ‘सी’ कशाला?

थॉम्पसन यांनी पीडीपी-७ साठी ‘बी’ नावाची भाषा केली होती. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची ‘बीसीपीएल’ ही भाषा इवल्याशा स्मृतीत मावेल इतकी छाटून ती तयार झाली होती. ‘बी’मध्ये प्रकार नव्हते. सारे काही एकच, यंत्राचा एक शब्द. तोच शब्द कधी संख्या, कधी स्मृतीतील पत्ता. पीडीपी-७ वर हे खपून गेले, कारण ते यंत्रही शब्दांच्याच हिशेबात चालत होते.

पीडीपी-११ चा हिशेब निराळा होता. त्याचा शब्द १६ बिटांचा, पण पत्ता प्रत्येक बाइटला स्वतंत्र. एकेक अक्षर हाताळताना ‘बी’ची तारांबळ उडे. शब्दांत मोजलेला पत्ता दर वेळी बाइटांत बदलावा लागे. शिवाय ‘बी’चा कंपायलर थेट यंत्राच्या आज्ञा देत नसे, त्यामुळे तिच्यातील आज्ञावल्या असेंब्लीच्या मानाने संथ चालत. यंत्र बदलले आणि भाषेचे गृहीतक उघडे पडले.

रिची यांनी १९७१ मध्ये ‘बी’ला अक्षरासाठी वेगळा प्रकार जोडला आणि पीडीपी-११ च्या आज्ञा थेट तयार करणारा नवा कंपायलर लिहिला. या टप्प्याला ‘न्यू बी’ असे नाव होते. १९७२ मध्ये प्रकारांची व्यवस्था वाढत गेली आणि भाषा इतकी बदलली, की तिला पुढचे अक्षर देण्यात आले. ती ‘सी’.

प्रकार आले म्हणजे काय झाले, हे एका उदाहरणावरून कळेल. युनिक्समध्ये त्या वेळी डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटची होती. दोन बाइट फाइलच्या क्रमांकाचे आणि १४ बाइट नावाचे. ‘बी’मध्ये कितव्या बाइटपासून नाव सुरू होते, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने मोजायचे. ‘सी’मध्ये संरचनेचे वर्णन एकदा द्यायचे आणि मोजण्याचे काम कंपायलरवर सोपवायचे. पूर्णांकाचा आकार दुसऱ्या यंत्रावर वेगळा असला तरी मजकूर तोच राहतो, फक्त कंपायलरचा हिशेब बदलतो. यंत्राचे ज्ञान आज्ञावलीतून निघून कंपायलरमध्ये जाऊ लागले ते येथून.

१९७३ चा उन्हाळा महत्त्वाचा का?

थॉम्पसन यांनी १९७२ मध्येच युनिक्सचा गाभा ‘सी’त लिहून पाहिला होता, पण तेव्हा भाषेत संरचना नव्हत्या आणि त्यांनी प्रयत्न सोडला. १९७३ च्या प्रारंभी भाषेचा मुख्य सांगाडा पूर्ण झाला आणि त्याच उन्हाळ्यात दोघांनी मिळून पीडीपी-११ साठीचा युनिक्सचा गाभा ‘सी’त नव्याने लिहिला.

उच्चस्तरीय भाषेत लिहिलेली ही पहिली ऑपरेटिंग सिस्टीम नव्हे. बरोज कंपनीच्या संगणकांची प्रणाली त्याआधीच अल्गॉलच्या वळणाच्या भाषेत होती, मल्टिक्सही ‘पीएल/वन’ भाषेत होती. पण ती मोठ्या यंत्रांची कामे होती. छोट्या, स्वस्त यंत्रावर असेंब्लीशिवाय पर्याय नाही, या समजाला युनिक्सने छेद दिला. पुढे थॉम्पसन यांनी दिलेला हिशेब बोलका आहे. युनिक्सच्या गाभ्यात ‘सी’च्या सुमारे १० हजार ओळी होत्या आणि असेंब्लीच्या सुमारे एक हजार. त्या हजारांतील २०० ओळी वेगासाठी असेंब्लीत ठेवल्या होत्या. ‘सी’त लिहिताच येणार नाहीत अशा ओळी साधारण ८०० होत्या. यंत्र बदलले तर हाताने नव्याने काय लिहावे लागेल, त्याचे मोजमाप प्रथमच इतके स्पष्ट झाले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये एका परिषदेत आणि जुलै १९७४ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने युनिक्सची ओळख जगाला झाली. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे बेल लॅब्जच्या पालक कंपनीला, एटी अँड टीला, संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून विद्यापीठांना युनिक्स नाममात्र शुल्कात, मूळ आज्ञावलीसह मिळू लागली. ती वाचता येत होती, बदलता येत होती, कारण ती ‘सी’त होती.

दुसऱ्या यंत्रावर नेताना काय अडले?

‘सी’चा कंपायलर हनीवेल आणि आयबीएम यांच्या मोठ्या संगणकांवर लवकरच पोहोचला होता. पण अख्खी युनिक्स दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणे ही वेगळी गोष्ट. १९७७ मध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी त्यासाठी इंटरडेटा ८/३२ हा संगणक निवडला. पीडीपी-११ सोळा बिटांचा, हा ३२ बिटांचा. बाइटांचा क्रमही उलटा. दोन बाइटांच्या जोडीत पीडीपी-११ धाकटा बाइट आधी ठेवी, इंटरडेटा थोरला. अशा यंत्रांमध्ये फाइली तशाच हलवल्या तर युनिक्सची इंग्रजी अक्षरे जोडीजोडीने उलटून ‘एनयूएक्सआय’ अशी दिसतात. प्रोग्रामर मंडळींत ही अडचण त्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

नव्या यंत्रावर कंपायलर पोहोचवायचा तरी कसा? ‘सी’चा कंपायलर ‘सी’तच लिहिलेला असतो, म्हणजे त्याला भाषांतरित करण्यासाठी आधी कंपायलर हवा. त्यातून वाट अशी निघते : जुन्या यंत्रावर बसून नव्या यंत्राच्या आज्ञा देणारा कंपायलर आधी तयार करायचा. मग त्यातून खुद्द कंपायलर भाषांतरित करून तो नव्या यंत्रावर न्यायचा. तेथून पुढे तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. आजही नव्या प्रोसेसरवर लिनक्स पहिल्यांदा उभी करताना हीच वाट असते.

जॉन्सन यांनी यासाठी एक नवा कंपायलर लिहिला. त्यात भाषेची व्याकरण-तपासणी आणि यंत्रासाठीची आज्ञानिर्मिती शक्य तितकी वेगळी ठेवलेली होती. नव्या यंत्रासाठी फक्त दुसरा भाग बदलायचा. या कामात भाषेतील कच्चे दुवेही दिसले. संख्या आणि पत्ता यांची सरमिसळ करण्याची ‘बी’च्या काळातील सवय पीडीपी-११ वर चालून जात होती, इंटरडेटावर ती महागात पडू लागली. ‘सी’तील प्रकारांचे नियम या काळात घट्ट होत गेले. संशयास्पद ओळी दाखवून देणारी ‘लिंट’ ही आज्ञावलीही जॉन्सन यांचीच.

रिची आणि जॉन्सन काम करत होते त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात इंटरडेटाच्याच भावंड-यंत्रावर, ७/३२ वर, युनिक्स स्वतंत्रपणे उभी राहिली. जन्मदात्यांच्या मदतीवाचून, दुसऱ्या खंडात हे घडू शकले, ही त्या सीमारेषेची मोठीच परीक्षा होती.

पुस्तक आणि प्रमाणभाषा यांत रिचींचा वाटा काय?

१९७८ मध्ये कर्निगन आणि रिची यांचे ‘सी’वरचे पुस्तक आले. जेमतेम सव्वादोनशे पानांचे. जगाला नमस्कार करणारी पहिली छोटी आज्ञावली लिहिण्याची जगभरची प्रथा रुजली ती याच पुस्तकामुळे. शिकवण्याच्या ओघाचा बराचसा भाग कर्निगन यांचा, भाषेची नेमकी नियमावली रिची यांची. या नियमावलीतील एक तक्ता आजही पाहण्यासारखा आहे. चार यंत्रांवर ‘सी’च्या प्रकारांचे आकार त्यात शेजारी-शेजारी दिले आहेत. पीडीपी-११ वर पूर्णांक १६ बिटांचा, इंटरडेटा आणि आयबीएम ३७० वर ३२ बिटांचा, तर हनीवेल ६००० वर तब्बल ३६ बिटांचा. अक्षर तीन यंत्रांवर आठ बिटांचे, हनीवेलवर नऊ बिटांचे.

रिची यांनी सर्व यंत्रांवर एकच आकार लादला नाही. प्रत्येक यंत्राला जे सहज जमते ते त्याने करावे, भाषेने फक्त चौकट द्यावी, ही त्यांची भूमिका होती. टर्बो सीवर दोन बाइटचा पूर्णांक लिनक्सवर चार बाइटचा होतो, तो या भूमिकेमुळे. दोन्ही कंपायलर आपापल्या जागी बरोबर असतात. आजही ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ बाइटचा आणि ६४ बिटांच्या विंडोजवर चार बाइटचा असतो.

कंपायलर वाढले तशी प्रत्येकाची ‘सी’ थोडी वेगळी होऊ लागली. १९८३ मध्ये अमेरिकेत प्रमाणभाषेसाठी समिती नेमली गेली आणि १९८९ मध्ये प्रमाण ‘सी’ ठरली. रिची समितीच्या दैनंदिन कामापासून दूर राहिले. पण १९८८ मध्ये समितीने ‘नोएलियस’ नावाचा शब्द भाषेत घालायचे ठरवले, तेव्हा त्यांनी कडक पत्र लिहून विरोध केला. कंपायलरला वेगवान आज्ञा देता याव्यात म्हणून आणलेली ही तरतूद आज्ञावली लिहिणाऱ्यासाठी सापळा ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. तो शब्द मागे घेतला गेला.

कंपायलर बेल लॅब्जच्या भिंतीबाहेर कसा गेला?

१९८० च्या दशकात एटी अँड टीवरील निर्बंध उठले आणि युनिक्स महाग व्यापारी माल झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त पर्याय घडवण्याची घोषणा केली. त्यातून १९८७ मध्ये ‘जीसीसी’ हा मुक्त कंपायलर आला. सुरुवातीला तो व्हॅक्स आणि मोटोरोला ६८०२० या प्रोसेसरांसाठी होता. प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन वेगळ्या फाइलीत ठेवायचे, ही त्याची रचना असल्याने त्याचा पसारा भराभर वाढला. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतली, ती याच कंपायलरच्या आधाराने.

‘जीसीसी’ एखाद्या प्रणालीवर बांधताना तो आधी असलेल्या कंपायलरने भाषांतरित होतो, मग स्वतःच स्वतःला भाषांतरित करतो, मग पुन्हा एकदा. शेवटच्या दोन फेऱ्यांचे निकाल तंतोतंत जुळले तरच जुळणी नीट झाली असे मानतात. फ्रीबीएसडीने पुढे ‘जीसीसी’ सोडून २०१४ मध्ये प्रमुख प्रोसेसरांसाठी ‘क्लँग’ हा कंपायलर मूळ संचात घेतला. लाखो ओळींची प्रणाली तीच राहिली आणि खालचा कंपायलर बदलला. भाषा आणि यंत्र यांच्यातली रेषा स्पष्ट असल्याचा हा आणखी एक फायदा.

या कामाची मुंबईशीही नाळ आहे. पवईच्या आयआयटीत ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ उभे राहिले. प्रोसेसरचे वर्णन लिहून हा कंपायलर नव्या यंत्रासाठी कसा वळवायचा, हे तेथील कार्यशाळांतून शिकवले गेले.

या मोकळिकीची किंमत काय?

‘सी’ने यंत्राला मोकळीक दिली, तशी आज्ञावली लिहिणाऱ्यालाही दिली. यादीची लांबी यादीसोबत ठेवली जात नाही आणि मर्यादेबाहेर लिहिले तरी भाषा अडवत नाही. काही प्रसंगांत काय व्हावे हे नियमावली मुद्दामच सांगत नाही, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या कंपायलरला सोयीचा मार्ग घेता येतो. २४ हजार बाइटांच्या यंत्रावर हा व्यवहार रास्त होता. जाळ्याने जोडलेल्या जगात तो धोक्याचा ठरला.

नोव्हेंबर १९८८ मध्ये एका किडीने इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. तिची एक वाट अशीच होती. ‘सी’च्या लायब्ररीतील ओळ वाचणारी ‘गेट्स’ ही आज्ञा जागा किती आहे ते पाहतच नसे. गंमत म्हणजे या वाटेने फक्त व्हॅक्स यंत्रे बळी पडली. किडीतील यंत्रभाषेचा तुकडा व्हॅक्ससाठीचा होता, सन कंपनीच्या यंत्रांवर तो चालला नाही. आज्ञावली एका यंत्रावरून दुसऱ्यावर सहज गेली होती, हल्ला गेला नव्हता.

त्यामुळे आज कंपायलरची जुळणी हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. ओपनबीएसडीने २००३ पासून स्मृतीतील अशी घुसखोरी ओळखणारी तपासणी कंपायलरमध्येच कायमची चालू ठेवली. लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२ पासून ‘रस्ट’ या अधिक सुरक्षित भाषेला जागा मिळाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाऊसने स्मृती-सुरक्षित भाषांकडे वळण्याचे आवाहन केले. रिची स्वतः आपल्या भाषेकडे भक्तिभावाने पाहत नसत. १९९३ मध्ये लिहिलेल्या तिच्या इतिहासात त्यांनी यादी आणि पत्ता यांच्या विचित्र नात्यावरील, क्लिष्ट घोषणांवरील टीका नोंदवली आहे. त्यांतील किती दोष ‘बी’चा वारसा सांभाळताना आले, हेही तेथे मांडले आहे.

अखेरची वर्षे कशी गेली?

रिची आणि थॉम्पसन यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते दोघांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले, २०११ मध्ये जपान पुरस्कार. या काळात रिची बेल लॅब्जमध्येच होते. ‘प्लॅन ९’ आणि ‘इन्फर्नो’ या नव्या प्रणालींच्या कामात त्यांचा सहभाग होता. ‘प्लॅन ९’मध्ये कोणत्याही यंत्रावर बसून दुसऱ्या कोणत्याही यंत्रासाठी आज्ञावली बांधणे ही नेहमीची बाब करण्यात आली. १९७७ चा खटाटोप तेथे रोजचा व्यवहार झाला. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. अविवाहित रिची न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथे एकटेच राहत. सहकाऱ्यांत ते ‘डीएमआर’ या आद्याक्षरांनी ओळखले जात. संगणकावरचे त्यांचे ते लॉगिन होते.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. कर्करोग आणि हृदयविकाराने त्यांची प्रकृती खालावलेली होती. आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि जगभरची वृत्तपत्रे त्यांच्या आठवणींनी भरली होती. रिची यांची बातमी त्यामानाने आतल्या पानांत राहिली. जॉब्ज यांचे मॅक आणि आयफोन मात्र युनिक्सच्या वंशातील प्रणालीवर आणि ‘सी’वर बेतलेल्या भाषेवर चालत होते. डिसेंबर २०११ मध्ये ‘सी’चे नवे प्रमाण प्रसिद्ध झाले, त्यातून ‘गेट्स’ ही आज्ञा कायमची काढून टाकण्यात आली. जानेवारी २०१२ मध्ये आलेली फ्रीबीएसडीची नववी आवृत्ती रिची यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली.

मग त्यांचा वारसा नेमका कोणता?

पीडीपी-११ आज संग्रहालयात आहे. इंटरडेटा कंपनी उरली नाही, हनीवेलचा ३६ बिटांचा संगणकही इतिहासजमा झाला. त्या यंत्रांवर लिहिलेल्या ‘सी’च्या वळणाची आज्ञावली मात्र अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात, घरातील वायफाय राउटरमध्ये आणि सर्व्हरमध्ये चालते आहे. नवा प्रोसेसर आला की अभियंते सर्वप्रथम त्याच्यासाठी ‘सी’चा कंपायलर जुळवतात. पूर्णांकाचा आकार सांगतात, हेडर फाइलींची जागा दाखवतात, प्रारंभीचा तुकडा जोडतात. त्यानंतर पन्नास वर्षांत साठलेला आज्ञावलींचा ठेवा त्या यंत्रावर उतरू लागतो. ‘सी’ची जागा उद्या दुसऱ्या भाषेने घेतली तरी तिलाही आपला कंपायलर प्रत्येक यंत्राशी आणि प्रणालीशी असाच जुळवून घ्यावा लागेल.